हुबेहूब

माझा धाकटा भाऊ नट आहे. त्याचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे, पण घरात आम्ही त्याला नकल्याच म्हणायचो. चार वर्षांचा असल्यापासून तो समोर येईल त्याची नक्कल करायचा. दूधवाल्याची, शाळेतल्या बाईंची, आमच्या वडिलांच्या खोकल्याची. वडील गेल्यावर पंधराएक दिवसांनी त्याने तो खोकला काढून दाखवला आणि आई हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. त्या दिवशी त्याने मोठ्या भावाच्या हातचा मार खाल्ला. आयुष्यात एकदाच.

मोठा भाऊ म्हणजे दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडिलांनंतर आम्हा दोघांना त्यानेच वाढवलं, आईच्या शेवटच्या आजारपणातही तोच पुढे होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच उंच इमारतींमध्ये, लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळत, दातांत टॉर्च धरून काम करायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "आज परत अठ्ठावीस मजले लोकांना आयते चढवले, कुणी साधं विचारलं नाही." एकोणचाळिसाव्या वर्षी तो त्याच पोकळीत दोन मजले खाली कोसळला.

जीव वाचला. डावा पाय मात्र ओढत चालू लागला, मान किंचित एका बाजूला कलली आणि शब्द हरवायला लागले. म्हणजे काय बोलायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असायचं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी त्याला एक युक्ती शिकवली. शब्द अडला की अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. तेवढ्यात शब्द येतो. आणि खरंच यायचा. बोटं चालू असताना समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दादा त्याच्याकडे बघून हलकंसं हसायचा आणि म्हणायचा, "थांब. येतोय."

येतोय म्हणजे शब्द. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आमच्या कानांना ते वेगळं लागतच नसे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत यंत्रावर काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी टोचत असेल तर गरम करून वाकवून द्यायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तेवढा वेळ दादा घरी एकटा असायचा. भाजी चिरून ठेवायचा, कपडे वाळत घालायचा, चार वाजता खाली उतरून रस्त्याच्या टोकापर्यंत फेरी मारायचा. औषधवाला, किराणावाला, इस्त्रीवाला, सगळे त्याला ओळखायचे. शब्द येईपर्यंत थांबायचे.

नकल्या मात्र फारसा यायचा नाही. तो मोठ्या शहरात राहायचा आणि सिनेमात कामं करायचा, पण कसली कामं, तर पोलिसांच्या घोळक्यातला तिसरा पोलीस, कोर्टात मागे बसलेला वकील, दोनदा तर नुसता मेलेला माणूस. अपघातानंतर दवाखान्यात तो दादाला बघायला आला तेव्हा खोलीत पाच मिनिटंसुद्धा थांबू शकला नाही, बाहेर जाऊन ओकला. पुढच्या आठ वर्षांत चार वेळा आला असेल. मी त्याच्यावर रागावणं केव्हाच सोडून दिलं होतं. काही माणसांना आजारपण बघवत नाही, अशी मनाची समजूत घातली होती.

आणि एका वर्षी थंडीच्या सुरुवातीला तो न सांगता बॅग घेऊन दारात उभा राहिला. मोठं काम मिळालंय म्हणाला, चित्रीकरण सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर राहतो. मी म्हटलं, घर तुझंच आहे.

तो सहा आठवडे राहिला. ते सहा आठवडे आमच्या घरातले गेल्या कितीतरी वर्षांतले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला आजही नाकारता येत नाही. मी कामाला निघायचे तेव्हा दोघं चहाचे कप घेऊन खिडकीशी बसलेले असायचे, परत यायचे तेव्हाही तिथेच. नकल्या दादाला फिरायला न्यायचा, व्यायामाला न्यायचा, त्याच्याबरोबर कपडे वाळत घालायचा. दादा त्याला लिफ्टच्या गोष्टी सांगायचा. एकेक गोष्ट संपायला तास लागायचा, पण नकल्या मधे बोलायचा नाही, शब्द सुचवायचा नाही, नुसता बघत राहायचा. मी सुद्धा कधीकधी कंटाळून दादाचं वाक्य पुरं करून टाकायचे. तो कधीच नाही.

एका संध्याकाळी नकल्या आंघोळीला गेला असताना दादा मला म्हणाला, "ताई, तो मला..." धाकट्याचं ऐकून तोही मला ताईच म्हणायचा. बोटं करंगळीपर्यंत गेली, परत आली. "थांब, येतोय. घाई. तो मला घाई करत नाही." आणि त्याचे डोळे भरून आले.

जाताना नकल्याने दादाला बराच वेळ मिठी मारली. मग तो गेला आणि वर्षभर कामात बुडाला.

सिनेमा आला तेव्हा गावभर त्याची पोस्टरं लागली. एक अंधारं शहर, काळा मुखवटा घालून गच्च्यांवरून हिंडणारा नायक आणि त्याच्यासमोर एक साध्या कपड्यांतला माणूस. त्या माणसाला शहर 'पाहुणा' म्हणतं. तो आमचा नकल्या होता. पहिल्याच आठवड्यात लोक नायकाबद्दल बोलायचे थांबले आणि पाहुण्याबद्दलच बोलायला लागले. दुकानाच्या मालकीणबाईंनी पेपरातलं कात्रण आणून माझ्या यंत्रावर चिकटवलं. असा खलनायक वर्षानुवर्षांत झाला नाही, असं त्यात लिहिलं होतं.

नकल्याने फोन करून सांगितलं होतं की दादाला नेऊ नकोस. आवाज फार मोठा आहे, अंधार आहे, त्याचं डोकं दुखेल. मला वाटलं, किती काळजी आहे याला. पण दादा ऐकेना. पोस्टर बघितल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता. शेवटी मी एका दुपारी सुट्टी घेतली. त्याने ठेवणीतला निळा शर्ट घातला, आणि औषधवाल्याला, किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला थांबून थांबून सांगितलं की भावाचा सिनेमा बघायला चाललोय.

अर्धा तास पाहुण्याचा पत्ताच नव्हता. मग एका घराचं दार वाजतं, एक बाई दार उघडते आणि तो आत येतो. डावा पाय ओढत. मान किंचित कललेली. तो खुर्चीवर बसतो, त्या बाईकडे बघतो. ती विचारते, कोण तुम्ही, काय हवंय. तो उत्तर देत नाही. अंगठा एकेका बोटाला लावत जातो. करंगळीपर्यंत जातो, परत येतो. हलकंसं हसतो.

"थांब," तो म्हणतो. "येतोय."

आणि त्या बाईचं घर पेटतं.

मला वाटलं मी चुकीचं बघतेय, मला भास होतोय. पण ते पुन्हा आलं, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी बोटं चालू झाली की अख्खं थिएटर श्वास रोखायचं, कारण आता कुणीतरी मरणार हे त्यांना कळून चुकलं होतं. चौथ्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागचा माणूस बायकोला म्हणाला की याला बघूनच अंगावर काटा येतो, कुठून आणलं असेल हे.

मी दादाकडे बघितलं. तो पडद्याकडेच बघत होता. त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता.

मध्यंतरात मी म्हटलं, चल घरी जाऊ. त्याने मान हलवली. पूर्ण बघायचाय. आम्ही पूर्ण बघितला. शेवटी पाहुणा उंचावरून पडून मरतो आणि पडेपर्यंत हसत असतो.

बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्यावर बसलो. उन्हाने माझे डोळे दिपले होते. दादाची बोटं हलायला लागली, त्याने ती थांबवली, परत हलायला लागली. मग एकदम, न अडखळता, तो म्हणाला, "मी असा दिसतो?"

अपघातानंतरच्या नऊ-दहा वर्षांत त्याने स्वतःला बोलताना कधी बघितलंच नव्हतं. बघणार तरी कुठे? मी म्हटलं, नाही रे, काहीतरीच काय, तो सिनेमा आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मला खोटं बोलता येत नाही हे त्याला माझ्या लहानपणापासून ठाऊक होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत ते रस्त्यावर आलं. बसमध्ये कॉलेजची पोरं एकमेकांना बोटं करून दाखवायची. दुकानात एका गिऱ्हाइकाला मी चष्म्याची पावती शोधायला सांगितली, तर तो मान कलती करून म्हणाला, थांब, येतोय, आणि स्वतःच खो खो हसला. मी यंत्रावर गेले आणि त्याची काच बिघडवून बसले, दुसरी घ्यावी लागली.

दादा अजून चार वाजता खाली जात होता. पहिल्यांदा जे झालं ते त्याने मला हसतहसत सांगितलं, म्हणजे हसायचा प्रयत्न करत. तो रस्त्याच्या टोकाला कुणाला तरी वेळ सांगत होता आणि शब्द अडला. बोटं चालू झाली. शेजारून जाणारे दोघं तरुण थांबले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. "काका, एकदम हुबेहूब," तो म्हणाला. "पायसुद्धा जमलाय तुम्हाला." आणि दादाने, जन्मभर कुणाला दुखवायचं नाही असाच वागलेला माणूस तो, त्यांना थँक यू म्हटलं.

दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानात. आमचा नेहमीचा औषधवाला नव्हता, काउंटरवर नवीन माणूस होता. दादाला फिटच्या गोळ्यांचं नाव आठवत होतं पण येत नव्हतं. मागे रांग होती. त्याने बोटं सुरू केली आणि हसला. रांगेतले दोघं-तिघं हसले, कुणीतरी म्हणालं, "परत एकदा," कुणीतरी मोबाईल काढला. पण दादाच्या शेजारी एक बाई होती, कडेवर लहान मुलगी. ती मुलगी त्याच्याकडे बघून किंचाळली, आणि बाईने तिला छातीशी धरून दुकानाबाहेर धाव घेतली.

दादा गोळ्या न घेता घरी आला. मी आले तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्या दिवसापासून त्याने बोटं बंद केली.

बोटांशिवाय शब्द येत नाहीत. तो नुसताच अडकून बसायचा, चेहरा लाल व्हायचा, मग मान खाली घालायचा. व्यायामाच्या बाई घरी येऊन गेल्या. दुसरी काही युक्ती करू म्हणाल्या, गुडघ्यावर टिचकी, पायाचा ठेका. पण एकदा बसलेली वाट मोडून नवी पाडायला या वयात, अशा डोक्यात, किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, हे त्यांनी मला दाराबाहेर येऊन सांगितलं. त्या सिनेमा बघून आल्या होत्या. दाराशी त्यांना रडू फुटलं. ती बोटं त्यांनीच शिकवली होती.

मी नकल्याला फोनवर फोन केले. तो उचलत नव्हता, एकामागून एक बक्षिसं घेत होता. एका मुलाखतीत त्याला विचारलं की हा माणूस तुम्हाला सापडला कुठे. तो म्हणाला, मी तीन आठवडे स्वतःला आरशासमोर कोंडून घेतलं होतं. ते ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घेतलंस ते घेतलंस, निदान कुणाकडून घेतलंस ते तरी सांग. मी तसा निरोप टाकला, आणि औषधाच्या दुकानात काय झालं तेही सांगितलं.

दोन दिवसांनी दुपारी तो आला. टोपी खाली ओढून, कुणी ओळखू नये म्हणून. दादा आतल्या खोलीत झोपला होता. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि पाणीसुद्धा दिलं नाही. दादा आता बोलत नाही हे सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मी चोरायला आलो नव्हतो, ताई," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो. एवढं मोठं काम, मला काही सुचत नव्हतं. घाबरलो की दादाकडे यावंसं वाटतं, म्हणून आलो."

"आणि मग?"

"आणि मग कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो तर तोच आला. दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेव. मी दोनदा म्हटलं, हे नको. तिसऱ्यांदा म्हणालो नाही."

मी विचारलं, मग नाव का नाही घेतलं. तो म्हणाला, नाव घेतलं असतं तर लोक या दारात आले असते, त्याला बघायला. तेही खरं होतं. त्याचं सगळंच थोडंथोडं खरं होतं आणि त्यानेच मला जास्त संताप येत होता.

तेवढ्यात दादा दारात आला. किती वेळ उभा होता कोण जाणे. नकल्या उठला आणि त्याच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो बोलायची धडपड करू लागला. हात खिशात घट्ट दाबलेला, ओठ हलतायत, घशातून नुसता आवाज. आम्ही दोघंही थांबलो. खूप वेळाने शब्द आले, एकेक करून.

"मला शिकव. दुसरं. दुसरं कसं चालायचं."

मला आधी कळलंच नाही. नकल्याला कळलं. दादाला त्या माणसासारखं दिसायचं नव्हतं. आणि जगात दुसऱ्यासारखं दिसायला शिकवेल असा एकच माणूस त्याच्या ओळखीचा होता.

नकल्या सहा दिवस राहिला. बाहेरच्या खोलीतलं टेबल त्यांनी भिंतीला लावलं आणि दोघं त्या दहा पावलांच्या जागेत येरझाऱ्या घालायचे. नकल्या पुढे, दादा मागे. पाय ओढण्याऐवजी उचलून टाकायचा. मान सरळ ठेवायला कॉलरमध्ये पुठ्ठा. हात पाठीमागे बांधून चालायचं, एखाद्या हेडमास्तरासारखं. नकल्या घामाने निथळायचा. त्याने एका माणसाचं चालणं सहा आठवड्यांत उचललं होतं, पण त्या माणसाच्या अंगावरून ते उतरवणं त्याला जमेना. जमणार कसं? त्याच्यासाठी ती भूमिका होती, दादासाठी तो मोडलेला मेंदू होता. तिसऱ्या दिवशी दादा पडला आणि कपाळाला खोक पडली. तरी उठून परत उभा राहिला. सहाव्या दिवशी दुपारी मी लवकर आले तेव्हा दादा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता आणि नकल्या त्याच्यासमोर उभा राहून म्हणत होता, "अजून एकदा, दादा. फक्त एकदा." दादाने हात हलवून नको म्हटलं.

यालाही आता पाच वर्षं झाली. सिनेमाचा दुसरा भाग निघाला तेव्हा नकल्याने काम नाकारलं. त्यांनी दुसरा नट घेतला. तो नकल्याची नक्कल करायचा, आणि वाईट करायचा. लोकांना आवडला नाही. मग दुसरे सिनेमे आले, दुसरे खलनायक, दुसरे संवाद, आणि रस्त्यावरची पोरं पाहुण्याला विसरली. मी दादाला सांगितलं की आता कुणाच्या लक्षात नाही, चल, खाली जाऊन येऊ. एकदा तो जिन्यापर्यंत आला. तिथून परत फिरला.

त्याला काही हवं असलं की तो बोटाने दाखवतो किंवा पाटीवर लिहितो, पाणी, दिवा, खिडकी. त्याचा आवाज मी दोन वर्षांत ऐकलेला नाही. गेल्या महिन्यात मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या, दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मी मोबाईलवर त्या सिनेमातला पाहुण्याचा पहिला प्रसंग लावला. ते घर पेटायच्या आधी बंद केला आणि परत पहिल्यापासून लावला. आवाज नकल्याचा होता, पण मधले श्वास दादाचे होते. सात-आठ वेळा ऐकलं असेल. मग गिऱ्हाईक आलं.

नकल्या वर्षातून दोनदा येतो. येताना न चुकता दाढीचं सामान आणतो, कारण दादा आता न्हाव्याकडे जात नाही. दोघं खिडकीशी बसतात, तो दादाच्या गालाला साबण लावतो, सावकाश दाढी करतो, दादा हनुवटी वर करून डोळे मिटून घेतो. नकल्या त्याला इकडचं तिकडचं सांगत राहतो. या वेळी मी त्याला सोडायला खालपर्यंत गेले. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, दादा माझ्याबद्दल कधी काही म्हणतो का.

मी नाही म्हटलं.

दादा पाटीवर पाणी, दिवा, खिडकी याखेरीज कुणाबद्दल काहीच लिहीत नाही, माझ्याबद्दलही नाही, हे सांगितलं असतं तर त्याला थोडं बरं वाटलं असतं. मला ते ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही. त्याने टोपी खाली ओढली आणि तो रस्त्याला लागला. मी दार लावून घेतलं आणि वर आले.